तीन भाषांचं ओझं, एका शिक्षकाचा पगार

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीच्या लेकरांवरून रान पेटलं होतं. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य, असं त्यात होतं. लेखक, शिक्षक, पालक, राजकीय पक्ष, सगळ्यांनी विरोध केला. १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यानेही समाधान झालं नाही. शेवटी २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय रद्द केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमत असल्याचं जाहीर केलं.

विरोधकांचा मुद्दा साधा होता. सहा वर्षांच्या लेकराला अजून एक भाषा धड लिहिता येत नाही, त्याच्या डोक्यावर तीन भाषा कशाला? मुद्दा आम्हालाही पटला. पण त्या गदारोळात एका गोष्टीकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मराठी आणि इंग्रजी सोडून इतर माध्यमांच्या शाळांत तीन भाषा आधीपासूनच शिकवल्या जातात, हे त्या एप्रिलच्या निर्णयातच लिहिलेलं होतं. माध्यमाची भाषा, मराठी आणि इंग्रजी, अशा या तीन भाषा.

म्हणजे परभणीच्या उर्दू शाळेत पहिलीला बसलेलं लेकरू हे ओझं कित्येक वर्षांपासून वाहतंय. त्याच्यासाठी मोर्चा निघाला नाही आणि समितीही बसली नाही.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तीन भाषा शिकवू नका, असं आमचं म्हणणं नाही. शिकवा, तिन्ही शिकवा, आणि नीट शिकवा. मराठी ही या राज्याची भाषा आहे, आमचीही आहे. इंग्रजीशिवाय पुढचं शिक्षण अडतं, हे प्रत्येक अब्बा-अम्मीला कळतं. आमचा प्रश्न पैशाचा आहे. तीन भाषा शिकवायचा हुकूम आहे, पण त्या शिकवणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून निघतो?

लेकराच्या दप्तरात किती भाषा?

२०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजारांच्या घरात होती आणि त्यात मुस्लिम समाज सुमारे १६ टक्के. परभणी शहर, पाथरी, जिंतूर, पूर्णा, गंगाखेड, सेलू, मानवत, सोनपेठ, पालम, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, मोहल्ल्यातल्या घरात बोली ऐकू येते ती दखनी. "कायकू", "नक्को", "हौ" हे आपले रोजचे शब्द. त्यातला "नक्को" तर सरळ मराठीच्या "नको"चा भाऊ. पण शाळेच्या उर्दू पुस्तकात "कायकू" नाही, तिथे "क्यों" आहे. म्हणजे ज्या भाषेला आपण लेकराची मातृभाषा म्हणतो, तीही त्याला शाळेत निम्मी नव्याने शिकावी लागते.

मग मराठी. बाजारातली मराठी आपल्या लेकरांना येते. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेजारच्या पोरांशी ती बोलतात. पण बालभारतीचं "सुलभभारती" उघडलं की तिथली मराठी वेगळी असते. तिसरी इंग्रजी, जी घरात आणि गल्लीत कुठेच कानावर पडत नाही. संध्याकाळी मकतबमध्ये अरबी अक्षरं. उर्दू-अरबी उजवीकडून डावीकडे, मराठी-इंग्रजी डावीकडून उजवीकडे. सहा-सात वर्षांचं लेकरू एका दिवसात तीन लिप्या हाताळतं आणि दोनदा दिशा बदलतं.

लेकराची अक्कल कमी असती तर हे जमलंच नसतं. जमतंय, पण अर्धवट. उर्दू प्राथमिक शाळेतल्या एका गुरुजींनी आमच्याशी बोलताना हे फार नेमकं सांगितलं. ते म्हणाले, "बच्चे मराठी पढ़ लेते, समझते नई." वाचतात, पण कळत नाही. आणि पुढे स्वतःहून कबूल केलं, की मीसुद्धा बारावी आणि डी.एड. उर्दूतूनच केलंय, माझीच मराठी कच्ची, मी काय शिकवणार? त्या गुरुजींचा यात दोष नाही. त्यांना गणित, परिसर अभ्यास, उर्दू, मराठी, इंग्रजी, सगळं एकट्यानेच शिकवायचंय, आणि परकी भाषा शिकवायची तर ती कशी शिकवतात याचं वेगळं प्रशिक्षण लागतं.

कायद्याचा हिशोब मांडून बघू

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात किती लेकरांना किती शिक्षक, हे लिहिलेलं आहे. पहिली ते पाचवीत ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असेल तर तीन. आता एखाद्या गावातली उर्दू शाळा घ्या, पट ५५. शिक्षक दोन, वर्ग पाच, भाषा तीन. पाच वर्गांना तीन भाषा म्हणजे पंधरा तुकडे झाले, आणि गणित-परिसर अजून बाकीच आहेत. त्या दोघांपैकी एक मुख्याध्यापकाचं काम बघतो, पोषण आहाराच्या नोंदी ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो. मराठीचा तास कधी होत असेल, हे तुम्हीच सांगा.

सहावी ते आठवीसाठी तर कायद्याने विषयही ठरवून दिलेत. किमान तीन शिक्षक असावेत, एक विज्ञान-गणिताचा, एक सामाजिक शास्त्रांचा आणि एक भाषांचा. "भाषांचा" हा शब्द नीट वाचा. मराठी माध्यमाच्या शाळेत हा शिक्षक माध्यमाची भाषा शिकवतो ती मराठी, आणि वर इंग्रजी-हिंदी बघतो. लेकरांची मराठी घरातूनच पक्की असते. उर्दू शाळेत त्याच एका शिक्षकाने उर्दू, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही शिकवायच्या, आणि त्यातल्या दोन लेकरांसाठी घराबाहेरच्या. निकष दोघांना सारखाच, काम मात्र सारखं नाही.

वर २०२४ च्या मार्चमध्ये संच मान्यतेचे नवे निकष आले. कमी पटाच्या शाळांमधली पदं त्यामुळे धोक्यात आली. खेड्यातल्या उर्दू शाळांचा पट मुळातच लहान असतो, कारण गावात आपली घरंच पंचवीस-तीस. भरतीतली अडचण आणखी वेगळी. बिंदुनामावलीप्रमाणे काही पदं राखीव असतात आणि त्या प्रवर्गात उर्दू माध्यमातून शिकलेला उमेदवारच मिळत नाही. जागा भरती-भरती रिकामीच राहते. आरक्षणाला आमचा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. पण उमेदवार मिळत नसेल तर त्या वर्गातल्या लेकरांनी किती वर्षं वाट बघायची, याचं उत्तर शिक्षण विभागाने द्यायला हवं.

दुसरीकडे २०२० मध्ये राज्याने कायदा करून सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. आम्ही त्याचं स्वागत केलं होतं, आजही करतो. पण सक्ती करायला कागद लागतो आणि शिकवायला माणूस लागतो. कागद आला. माणसाचं काय?

पैसा येतो, पण कुठे येतो?

सरकारने अल्पसंख्याक शाळांसाठी काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. म्हणून काय केलं तेही बघू.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर देशात ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले गेले, महाराष्ट्रातले त्यात चार होते. बुलडाणा, वाशीम, हिंगोली आणि आपली परभणी. बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू झाला, पुढे २०१८ मध्ये त्याचंच रूपांतर प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रमात झालं. या पैशाचं स्वरूप मुख्यतः बांधकामाचं. वर्गखोल्या, वसतिगृहं, आरोग्य केंद्रं. खोली हवीच. पण खोली मराठी शिकवत नाही.

राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची "मराठी भाषा फाउंडेशन वर्ग" नावाची योजना आहे. उर्दू माध्यमात शिकणाऱ्या लेकरांची मराठी सुधारावी, त्यांना नोकरी आणि स्पर्धा परीक्षांत अडचण येऊ नये, हा तिचा हेतू. हेतू अगदी बरोबर आहे, आणि दुखणं कुठे आहे हे सरकारला माहीत असल्याचा तो पुरावाही आहे. पण ही योजना आठवी ते दहावीसाठी आहे आणि मानधनावरच्या शिक्षकांवर चालते. पहिलीला ज्याचा पाया घालायचा ते काम आठवीला सुरू होतं. तोवर निम्मी पोरं मागे पडलेली असतात आणि काहींनी तर शाळाच सोडलेली असते.

मदरशांचं बघा. मदरशात इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी केंद्राची योजना होती, ती मार्च २०२२ नंतर पुढे चालली नाही. राज्याची डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्यातलं मानधन डी.एड. शिक्षकांसाठी ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांसाठी ८ हजारांवरून १८ हजार केलं. चांगला निर्णय. पण सच्चर समितीनेच सांगितलंय, की शाळेच्या वयातली जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम लेकरं मदरशात शिकतात. बाकी शाळांत आहेत. मदरशात मराठी-इंग्रजी शिकवायला वेगळा शिक्षक देता येतो, मग जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत का नाही?

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. २०२२ च्या अखेरीस केंद्राने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे. प्राथमिक वर्गातल्या लेकराला वर्षाला हजारेक रुपये मिळायचे. आपल्या मोहल्ल्यात त्याच पैशातून वह्या यायच्या, कुणाची शिकवणी लागायची. केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाची एकूण तरतूदही २०२२-२३ च्या ५ हजार २० कोटींवरून २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ३ हजार ९७ कोटींवर आली. ठीक आहे, कायदाच सगळं देणार असेल तर आम्ही कायद्याकडेच मागू. त्याने भाषेचा शिक्षकही द्यावा.

अमेरिकेतल्या एका खटल्याची गोष्ट

हा प्रश्न परभणीपुरता नाही. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी लेकरं जगभर आहेत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात चिनी कुटुंबांतली सुमारे १८०० लेकरं अशा शाळांत बसत होती, जिथे सगळं इंग्रजीत चालायचं आणि त्यांना इंग्रजीसाठी वेगळी मदत मिळत नव्हती. पालक न्यायालयात गेले. शाळेचं म्हणणं होतं, की आम्ही भेदभाव कुठे केला? सगळ्यांना तेच पुस्तक, तेच शिक्षक, तोच वर्ग. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने "लाऊ विरुद्ध निकोल्स" या खटल्यात लेकरांच्या बाजूने निकाल दिला. ज्याला भाषाच कळत नाही त्याला सगळ्यांसारखं पुस्तक हातात दिलं म्हणजे समान वागणूक झाली, असं होत नाही, हे त्या निकालाचं सार.

पुढे तिथे इंग्रजी शिकणाऱ्या लेकरांसाठी केंद्राच्या निधीत स्वतंत्र शीर्ष तयार झालं. अलीकडे ते वर्षाला ८९ कोटी डॉलरच्या आसपास होतं. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचा आदेश काढला आणि पुढच्या वर्षासाठी हे शीर्षच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. जुलैमध्ये मंजूर झालेला शालेय निधीही काही आठवडे अडवून धरला. त्यात हाही पैसा होता. राज्यं न्यायालयात गेली, शाळा ओरडल्या, आणि महिनाअखेर तो निधी मोकळा करावा लागला.

अमेरिकेचं कौतुक करायला आम्ही हे सांगत नाही. तिथेही स्थलांतरितांच्या लेकरांचे हाल आहेत. सांगायचं कारण वेगळं आहे. तिथे या कामाला स्वतःचं लेखाशीर्ष होतं, म्हणून ते कापायला निघाले तेव्हा सगळ्यांना दिसलं आणि लोक भांडू शकले. परभणीच्या उर्दू शाळेत मराठी-इंग्रजी शिकवण्यावर यंदा किती खर्च झाला, असं कुणी विचारलं तर आकडा सांगायला वेगळी ओळच नाही. जे कागदावर नाही ते कमी झालं तरी बातमी होत नाही.

हे मराठी माणसाला कळायला हवं

हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या राज्यात परभणी होती तेव्हा सरकारदरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, तिथे शिकवायची भाषाही उर्दूच. परभणी, सेलू, जिंतूरच्या मराठी घरांतली पोरं आपल्या घरच्या भाषेत नाही तर उर्दूत भूगोल आणि गणित शिकली. आजही जुन्या पिढीतल्या मराठी माणसांकडे उर्दूत लिहिलेली शेताची कागदपत्रं सापडतात. आपल्या लेकरांना त्यांच्या भाषेतून शिकता यावं, ही तेव्हाच्या मराठी समाजाची मागणी न्याय्यच होती. आज पारडं फिरलंय. आता शाळेतल्या उर्दूच्या लेकराला राज्याची भाषा शिकायची आहे, आणि मदतीशिवाय ती शिकणं किती अवघड असतं, हे मराठवाड्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि बेळगाव विसरून कसं चालेल? सीमाभागातल्या मराठी लेकरांना मराठीतून शिकता आलं पाहिजे, असं महाराष्ट्र वर्षानुवर्षं सांगतो. त्यासाठी राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाचा आधार घेतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं ते कलम सांगतं. कर्नाटकाने २०१५ मध्ये कायदा करून तिथल्या शाळांत कन्नड सक्तीची केली, तेव्हा तिथल्या मराठी शाळेतल्या लेकरांवरही हेच ओझं आलं. मराठी घरात, मराठी शाळेत, वर कन्नड आणि इंग्रजी. बेळगावच्या मराठी लेकरासाठी जे आपण मागतो, तेच परभणीच्या उर्दू लेकराला द्यावं, एवढं साधं हे आहे.

परभणीतसुद्धा ही गोष्ट एकट्या मुस्लिमांची नाही. जिंतूर, पालमकडच्या तांड्यांवर जा. बंजारा घरात गोरमाटी बोलतात आणि पहिलीचं पुस्तक मराठीत. तिथल्या लेकरालाही पहिलं वर्ष शब्द ओळखण्यातच जातं. गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातली ऊसतोड कामगारांची घरं दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. लेकरू सोबत गेलं की पाच-सहा महिन्यांची शाळा गेली, आणि कर्नाटकातल्या फडावर तर शाळेची भाषाही कन्नड. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, ती आणखी नीट चालायला हवीत. आम्ही जी मागणी करतोय ती या सगळ्यांची मागणी आहे. घरची आणि शाळेची भाषा वेगळी असलेल्या प्रत्येक लेकराला पहिल्या काही वर्षांत भाषेचा जास्तीचा शिक्षक मिळावा.

"मग मराठी शाळेत का घालत नाही?"

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, आणि कधीकधी चांगल्या मनानेच विचारला जातो. पहिली गोष्ट, बरेच जण घालतात. परभणी जिल्ह्यात हजारो मुस्लिम लेकरं मराठी शाळांत आहेत आणि चांगली शिकताहेत. पण ज्या घराला उर्दूतून शिकवायचंय त्याचा तो घटनेने दिलेला हक्क आहे. घरच्या भाषेतून सुरुवात केलेलं लेकरू पुढे दुसरी भाषाही बरी शिकतं, हे शिक्षणतज्ज्ञ सांगत आलेत, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतून शिकवा असंच म्हटलंय.

दुसरी गोष्ट, मराठी शाळेत घातलं तरी जास्तीचा शिक्षक तिथेही नाहीच. लेकरू मागच्या बाकावर गप्प बसून राहतं.

तिसरी वाट बरेच पालक धरतात, ती खाजगी इंग्रजी शाळेची. टाय, बूट, व्हॅन आणि महिन्याची फी. हमाली करणारा, गॅरेजवर काम करणारा बाप पोटाला चिमटा काढून ती भरतो. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. पण पाचवी-सहावीला बरीचशी लेकरं फी न झेपल्याने परत येतात, तेव्हा त्यांची उर्दू राहिलेली असते, मराठी कच्ची असते आणि इंग्रजी पाठ केलेल्या कवितेपुरती उरलेली असते. सरकारी शाळेत इंग्रजी नीट शिकवली गेली असती तर या बापाने तो खर्च केला नसता.

पणाला काय लागलंय?

तलाठी भरतीची २०२३ ची परीक्षा आठवा. दोनशे गुणांचा पेपर, त्यात मराठीचे पन्नास आणि इंग्रजीचे पन्नास. निम्मे गुण भाषेचे. पोलीस भरतीचा लेखी पेपर मराठीत. अकरावी विज्ञानाला गेलं की सगळं इंग्रजीत. आपलं पोरगं मैदानी चाचणीत पहिलं येतं आणि लेखीत मागे पडतं, तेव्हा आपण नशिबाला किंवा भेदभावाला दोष देतो. भेदभाव नसतो असं नाही. पण बऱ्याचदा ते गुण पहिली-दुसरीतल्या रिकाम्या गेलेल्या मराठीच्या तासांतच हरवलेले असतात.

मुलींचं तर आणखी अवघड. खेड्यातली उर्दू शाळा कुठे चौथीला संपते, कुठे सातवीला. पुढे गावातच मराठी हायस्कूल असतं. ज्या मुलीची मराठी पक्की आहे ती आठवीला तिथे जाऊन बसते. जिची कच्ची आहे ती पहिल्या महिन्यात गोंधळते, वर्गात हसू होतं, आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, बस झालं, आता घरकाम शिक. तिची शाळा सुटली याची नोंद "पालकांची अनास्था" म्हणून होते. अनास्था असेलही. पण तिला कुणी मराठी शिकवली होती का, हे कुणी विचारत नाही.

मागायचं काय आणि कुणाकडे?

नुसती ओरड करून उपयोग नाही, म्हणून नेमकं सांगतो.

एक, उर्दू शाळांत पहिली ते पाचवीसाठी मराठी आणि इंग्रजीचा स्वतंत्र शिक्षक. प्रत्येक शाळेला शक्य नसेल तर केंद्रनिहाय फिरता शिक्षक द्या, आठवड्यातले दिवस वाटून. दोन, फाउंडेशन वर्ग आठवीऐवजी तिसरीपासून सुरू करा आणि शिक्षकांचं मानधन वेळेवर द्या. तीन, परभणीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने उर्दू शिक्षकांसाठी दुसरी भाषा कशी शिकवावी याचं प्रशिक्षण घ्यावं, एका दिवसाचं नाही तर वर्षभर चालणारं. चार, या खर्चाची जिल्ह्याच्या शिक्षण आराखड्यात वेगळी ओळ असावी, म्हणजे किती आले आणि किती खर्च झाले हे कुणालाही बघता येईल.

आता आपल्याकडे येऊ. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवलीय. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कायद्याच्या २२ व्या कलमानुसार ही समिती शाळेचा विकास आराखडा करते आणि अनुदानाचं नियोजन त्या आराखड्याच्या आधारावर व्हायचं असतं. हा अधिकार छोटा नाही. पण खरं सांगा, आपल्यापैकी किती जण त्या बैठकीला जातात? बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी येतं, अंगठा किंवा सही होते आणि बैठक झाली म्हणून लिहिलं जातं. त्या आराखड्यात कंपाउंडची भिंत असते, पाण्याची टाकी असते, आणि भाषेच्या शिक्षकाची मागणी मात्र क्वचितच दिसते. आपणच मागितलं नाही तर गटशिक्षणाधिकारी कशाच्या आधारावर वर पाठवणार?

मोहल्ल्यातल्या जमाती, ट्रस्ट, शिकलेली पोरं-पोरी संध्याकाळी तासभर मराठी-इंग्रजी वाचन घेऊ शकतात. काही ठिकाणी असं चालूही आहे, ते वाढायला हवं. पण त्याने सरकारची जबाबदारी संपत नाही. चंद्यातून शाळेचा पगार भागवायची सवय लागली, तर उद्या सरकारही म्हणेल, तुमचं चाललंय की.

महाराष्ट्रात आता भाषेच्या धोरणाचा नव्याने विचार सुरू झाला आहे. पहिलीच्या लेकरावर किती ओझं टाकायचं, असा प्रश्न समोर आहे. त्या विचारात उर्दू शाळेतलं लेकरूही मोजलं जावं, तांड्यावरचंही आणि फडावरचंही. आपल्या गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे, ते मुख्याध्यापकांना उद्याच विचारा. बैठकीला जा, अम्मीलाही सोबत न्या, आणि आराखड्यात एक ओळ लिहून घ्या. आमच्या शाळेला मराठी आणि इंग्रजी शिकवणारा शिक्षक हवा आहे. ठरावाची एक प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. वर्षभराने ती घेऊन पंचायत समितीत जायचंय.